लाखेची मोहोर

तपासनीस निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नाही. चौतीस वर्षं वजनं-मापं तपासण्याच्या खात्यात काढलेला माणूस. दुकानात शिरलं की आधी तराजूच्या पारड्याखाली काही चिकटवलंय का ते बघायचं, मग दुकानदाराचा चेहरा बघायचा, आणि मग कुठे नमस्कार. असली सवय पेन्शनच्या कागदांबरोबर ऑफिसात जमा होते थोडीच! ती घरी आली आणि ठाण मांडून बसली.

घरात साखरेच्या बरणीवर पेन्सिलची रेघ. शाईच्या दौतीवर रेघ. डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीवर रेघ, आणि रेघेखाली तारीख. पातळी रेघेच्या खाली गेली की चौकशी सुरू, "कोणी घेतलं?" आता घरात माणसं दोन. त्यातले एक स्वतः तपासनीस. मग संशय कोणावर जाणार, हे काय सांगायला पाहिजे?

बरं, नुसत्या रेघेवर भागत नसे. जी वस्तू नजरेआड होणार, तिला दोरा गुंडाळायचा, गाठीवर लाल लाखेचा थेंब पाडायचा आणि त्यावर मोहोर उमटवायची. सरकारी शिक्का निवृत्तीच्या दिवशी परत द्यावा लागला होता, म्हणून जुन्या कोटाचं काळं बटण ते शिक्क्यासारखं वापरत. चार भोकांचं बटण, एका बाजूला टवका उडालेलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर ती मोहोर, माळ्यावरच्या ट्रंकेवर ती मोहोर, एकदा तर दुरुस्तीला दिलेल्या पंख्यावरसुद्धा! गल्लीत त्यांना तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'सीलबंद'. त्यांना ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, त्याची यादीही त्यांच्या डोक्यात होती.

त्यांच्या बायकोला मात्र सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, आणि तेही मनापासून. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या त्या. रेघा आणि मोहरा त्यांनी हसण्यावारी नेल्या. "माझ्याही कपाळावर एक थेंब पाडून ठेवा," म्हणायच्या, "म्हणजे बाजारात गेले तर परत तीच आले की दुसरी, ते कळेल तुम्हाला." तपासनीस हसत नसत. हसण्यामागेही काहीतरी असतं, असं त्यांचं मत होतं.

तर गोष्ट त्यांच्या गाडीची. वीस वर्षांची राखाडी गाडी, पण ठेवलेली अशी की नव्या गाडीने मान खाली घालावी. तपासनिसांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्याच सुमाराला लेकीला टेकडीवरच्या वसाहतीत नोकरी लागली. पदरी चार वर्षांची पोर, आणि वर जाणारी बस दिवसातून तीनदा. तेव्हा ठरलं की गाडी लेकीने न्यायची. शनिवारी संध्याकाळी पाचला ती पोरीला घेऊन येणार होती, आणि त्याच गाडीने परत जाणार होती.

त्या वसाहतीतून खाली येणारा उतार तपासनिसांनी बघितला होता. सरळसोट, मधे वळण नाही, आणि अगदी तळाशी शाळेचं फाटक. हीच शाळा त्यांच्या नातीची. तो उतार बघितल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, ब्रेक.

ब्रेकची भानगड महिनाभरापूर्वीच सुरू झाली होती. समोरच्या गॅरेजवाल्याने पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड बदलून दिले होते. तपासनीस अर्थातच शेजारी उभे. नवे पॅड बसवताना ब्रेक ऑइल वर चढतं आणि बॉनेटखालच्या त्याच्या छोट्या टाकीतून ओसंडतं, म्हणून गॅरेजवाल्याने पिचकारीने थोडं काढून घेतलं. झालं! तपासनिसांच्या भुवया वर.

"हे कुठे चाललं?"

"कुठे नाही साहेब, बाटलीत. जुनं ऑइल आहे, फेकून द्यायचं."

"फेकायचंय तर बाटलीत कशाला भरता?"

गॅरेजवाल्याने हातातली पिचकारी खाली ठेवली. "साहेब, दोन चमचे ऑइल नेऊन मी काय माडी बांधणार आहे?" हे तो जरा मोठ्याने बोलला, आणि तिथे बाकावर बसलेले चारजण हसले. घरी आल्यावर तपासनिसांनी त्या टाकीवर पेन्सिलने रेघ ओढली, झाकणावरून आणि टाकीच्या गळ्यावरून दोरा घेतला, झाकणाच्या बरोबर मधे गाठ मारली, लाखेची कांडी काडीपेटीवर तापवली आणि थेंब पाडला. वर बटण. आता बघू कोण हात लावतो!

दर रविवारी दोरा कापायचा, पातळी बघायची, नवा दोरा बांधायचा आणि जुन्या लाखेवर नवी लाख. असे चार रविवार गेले. मोहोर दर वेळी शाबूत. आणि पेडल? पेडल दर रविवारी जरा जास्त मऊ. दाबलं की पाय नुसता आत जायचा, उशीवर ठेवल्यासारखा. तपासनीस गाडी रस्त्यावर नेत नसत, नुसती दारातल्या दारात पुढेमागे करत. पण तेवढ्यानेही कळायचं ते कळत होतं.

मग त्यांनी नेहमीचा हिशेब मांडला. झाकण कोणी उघडलेलं नाही, मोहोर साक्षीला आहे. बाहेर एक थेंब गळलेला नाही. म्हणजे दोष आतला. गॅरेजवाल्याने पॅड बदलताना मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवलं असणार, म्हणजे गिऱ्हाईक फिरून दाराशी येतं. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हटलं तर आमच्या तपासनिसांना सूतही लागत नसे. त्यांनी हे चौघांना बोलूनही दाखवलं. बोललेलं रस्ता ओलांडून पलीकडे गेलं, आणि गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे बघून मान हलवणं बंद केलं. तपासनिसांना त्याचाही अर्थ लागला. चोराच्या मनात चांदणं!

"त्याच्याकडे नाही जायचं," त्यांनी सिस्टरांना सांगितलं. "मी स्वतः करणार."

"तुम्हाला येतं?"

"शिकतो."

मोबाइलवर त्यांनी पाच वेगवेगळ्या माणसांचे व्हिडिओ बघितले, कारण एकावर भरवसा ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पाचहीजणांनी सांगितलं की पेडल असं आत जात असेल तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. संशय घ्या म्हटल्यावर तपासनिसांना ते पाचहीजण आवडलेच. पेडल दाबलं की ज्या नळकांड्यातून ऑइल चारी चाकांकडे रेटलं जातं, ते म्हणजे मास्टर सिलिंडर. ते त्यांनी नवं आणलं. दुकानदाराने खोका पुढे केल्यावर त्याच्या चिकटपट्टीवर नखाने ओरखडा काढून बघितला, मग खोका कानाशी हलवला. दुकानदार म्हणाला, "साहेब, नारळ आहे का तो?"

नव्या सिलिंडरबरोबर ऑइलची टाकी नव्हती. जुनी टाकी आणि जुनं झाकण काढून त्यावरच बसवायचं होतं. त्यात काय मोठंसं!

शुक्रवारी दुपारी त्यांनी मागच्या खोलीतल्या टेबलाला लावलेल्या लोखंडी शिकंज्यात सिलिंडर पकडला. सिलिंडर गाडीला लावण्याआधी त्यातली हवा बाहेर काढावी लागते. ऑइल दाबलं तर दबत नाही, पण हवा दबते. ब्रेकच्या नळीत एक बुडबुडा राहिला, तर पायाचा सगळा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो आणि चाकाला काही मिळत नाही. म्हणून सिलिंडरच्या दोन तोंडांना दोन छोट्या नळ्या लावायच्या, त्यांची टोकं उघड्या टाकीतल्या ऑइलात बुडवायची आणि दांड्याने आतला दट्ट्या हळूहळू रेटायचा. बुडबुडे येतात, येत राहतात, आणि मग थांबतात. तपासनिसांनी चष्म्यावर भिंग धरून बघितलं. थांबल्यावरही वीस वेळा रेटलं. एकही बुडबुडा नाही. दांडा दगडावर टेकल्यासारखा थांबत होता.

"बघ," ते सिस्टरांना म्हणाले. "घरातच, कोणाची मदत न घेता केलं."

"छानच केलंत," सिस्टर म्हणाल्या. "आता उद्या?"

उद्याच तर खरी पंचाईत होती. सिलिंडर गाडीला लावल्यावर चारही चाकांशी जाऊन नळ्यांतली हवा काढायची, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून तिथला हवा सोडायचा छोटा निपल पान्याने सैल करायचा, हवा आणि ऑइल बाटलीत आलं की निपल बंद करायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला, की बाहेरची हवा आत. जगात कोणावरही विश्वास नसलेल्या माणसाला आता एक विश्वासाचा पाय हवा होता!

शनिवारी सिलिंडर गाडीला बसवून झाला आणि सकाळी अकराला सिस्टर गाडीत बसल्या. तपासनीस मागच्या डाव्या चाकाशी जमिनीवर आडवे. त्याआधी त्यांनी टाकी भरली, झाकण घट्ट लावलं आणि त्यावर दोरा-लाख-बटण केलं. कारण ते चाकाखाली असताना टाकीशी कोण येईल, कोण जाईल! गॅरेजवाला समोर बाकावर बसून चहा पीत होता आणि इकडेच बघत होता.

"दाब!"

"दाबला."

"धर!"

"धरलाय."

निपल सैल केला. ऑइल आलं, बुडबुडे आले. निपल बंद. "सोड!"

पहिले पाच-सहा दाब बरे गेले. मग बाटलीत येणारं ऑइल कमी आणि बुडबुडे जास्त व्हायला लागले. हे उलटंच! काल टेबलावर एक बुडबुडा नव्हता. सिलिंडर तोच, ऑइल तेच, हात तोच. मग आज नवीन काय? आज नवीन एकच गोष्ट होती, सिस्टरांचा पाय.

"मधेच सोडतेस तू."

"नाही हो, धरलाय."

"मग हवा येते कुठून?"

"मला काय माहीत? मी इथे, तुम्ही तिथे."

पुन्हा. दाब, धर, सोड. पुन्हा बुडबुडे. "सोडलास!" "धरलाय हो!" तपासनीस उठले, कपडे झटकले, आत गेले आणि दाढीचा आरसा घेऊन आले. गाडीच्या उघड्या दाराशी स्टूल ठेवलं, त्यावर आरसा तिरपा टेकवला आणि मागे जाऊन आडवे होऊन बघितलं. मान वळवून बघायचं, पुन्हा येऊन आरसा बोटभर फिरवायचा, असं तीनदा केलं.

"आरसा कशाला?" सिस्टरांनी विचारलं.

"उजेड पडतो."

उजेड दुसऱ्या बाजूने येत होता, हे न कळायला सिस्टरांचे डोळे काही अधू नव्हते. आणखी दोन तास त्यांनी पाय दाबला आणि धरला. गुडघा दुखायला लागला तसा त्यांनी डाव्या हाताने तो वरून दाबून धरला. आरशात तपासनिसांना एक वहाण दिसत होती आणि पेडल दिसत होतं. वहाण हलत नव्हती. बुडबुडे मात्र येत होते. आता एखाद्याने म्हटलं असतं की चला, पाय निर्दोष आहे. पण आमचे तपासनीस म्हणाले, "टाच हलली."

सिस्टरांनी पाय पेडलवरून काढला, खाली उतरल्या आणि आरसा उचलून पालथा ठेवला.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तीस वर्षं लोकांनी डोळे मिटून हात पुढे केला माझ्यापुढे. सुई कुठे टोचते, काय टोचते, कोणी बघितलं नाही. आणि माझा नवरा माझा पाय आरशात बघतो! तेही कशासाठी, तर माझ्याच लेकीच्या गाडीसाठी. मी तिला मारायला पाय उचलेन, असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नाही गं. पण हवा कुठून तरी..."

"हवा गेली खड्ड्यात."

कोंडीत सापडले की तपासनीस काहीतरी तपासायला घेत. ते बॉनेटकडे गेले, दोरा कापला आणि झाकण फिरवलं. फुस्स! आवाज झाला. सकाळपासून तीनदा त्यांनी टाकी भरायला झाकण उघडलं होतं, आणि तिन्ही वेळा हा आवाज झाला होता. झाकण घट्ट होतं म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

घराच्या पायरीकडे निघालेल्या सिस्टर थांबल्या. रागावलेलं माणूससुद्धा सवयीपुढे लाचार असतं. "हे काय वाजलं?"

"काही नाही. झाकण."

"वारा आत ओढल्यासारखं वाजलं." त्या परत आल्या. "द्या इकडे."

झाकण त्यांनी हातात घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. पलीकडचं काही दिसेना. मग सुलटं केलं.

"पूर्वी वॉर्डात सलाईनच्या बाटल्या काचेच्या यायच्या," त्या म्हणाल्या. "नळी जोडली की पहिले चार थेंब पडायचे आणि मग बंद. नव्या पोरी घाबरायच्या, शीर चुकली म्हणायच्या. शीरबीर काही चुकलेली नसायची. बाटलीत वरून वारा जायला दुसरी सुई टोचायची राहिलेली असायची. वरून वारा आत गेल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही. बळजबरीने ओढलं, तर ते मिळेल त्या फटीतून वारा ओढतं."

तपासनिसांनी चष्मा पुसला. केसांतली पिन काढून सिस्टरांनी भोकात आतून टोचली. पिन अडली. वरच्या बाजूला काहीतरी कडक होतं.

"भोक कोणी बुजवलं?" तपासनीस ओरडले. एका क्षणात त्यांची नजर रस्त्यापलीकडे बाकावर गेली. "कोणी बुजवलं हे?"

सिस्टरांनी झाकण त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. वर लाखेचा जाड थर होता, आठ-नऊ थेंब एकावर एक बसलेले. सगळ्यांत वर गोल ठसा. चार भोकं, आणि एका बाजूला टवका.

तपासनीस बघत राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो खोट्या मोहरा पकडल्या होत्या. ही खरी होती. महिनाभर ऑइल वारा मागत होतं, आणि महिनाभर ते त्याच्या तोंडावर लाख ओतत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा त्यांनी स्वतःच मोहोर मारून काखेत धरला होता. त्यांचे कान तापले. जुना सिलिंडर बहुधा चांगलाच होता. गॅरेजवालाही. आणि सिस्टरांचा पाय तर...

"अगं," ते म्हणाले.

"पिनने खरवडून काढा ती लाख," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी खरवडली. भोकातून उजेड दिसायला लागला. पण नळ्यांत शिरलेली हवा नळ्यांतच होती, ती काढायची तर पुन्हा चारही चाकं करायला हवी होती. घड्याळात अडीच वाजले होते. पाचला लेक आणि नात येणार, आणि अंधार पडायच्या आत टेकडीवर निघणार.

"बसतेस?" तपासनिसांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही."

"मग कोण बसणार?"

सिस्टरांनी हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं आणि त्या आत गेल्या.

रस्ता काही रुंद नव्हता, बारा पावलांचा असेल. पण तपासनिसांना तो ओलांडायला वेळ लागला. गॅरेजवाला त्यांना येताना बघून उठला नाही. बाकावर आणखी दोघे होते, ते वळून बघायला लागले.

"ब्रेकमधली हवा काढायची आहे," तपासनीस म्हणाले. "माझं चुकलं. झाकणाचं भोक मीच लाखेने बुजवलं होतं. तुमच्याबद्दल बोललो तेही चुकलं."

हे सगळं त्यांनी एका दमात म्हटलं, बाकावरच्यांना ऐकू जाईल असं. गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. हा माणूस आणि माफी? यात काय डाव आहे?

"मी हात लावला, आणि उद्या रेघ वर-खाली झाली तर?"

"रेघ पुसून टाकतो."

"पोरगी कधी येतेय?"

"पाचला."

गॅरेजवाला उठला. हत्यारांचा डबा उचलून म्हणाला, "झाकण नुसतं टेकवून ठेवा, फिरवू नका. मी चाकाशी बसतो. तुम्ही पेडलवर."

तपासनीस गाडीत बसले. मागून पान्याचा आवाज आला. इथून काहीच दिसत नव्हतं, ना बाटली, ना नळी, ना निपल, ना तो माणूस. निपल पुरता बंद करतोय की नाही? बुडबुडे खरंच बघतोय का? पायाखाली पेडल आणि समोर बंद फाटक, एवढंच काय ते. बाजूला स्टुलावर आरसा पालथा पडलेला होता. तपासनिसांचा हात त्याच्याकडे गेला. मग त्यांनी तो हात आणून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"दाबा!"

"दाबला."

"धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

पाय हळूहळू आत गेला आणि तळाशी टेकला. धरून ठेवणं किती कठीण असतं, हे त्यांना आत्ता कळलं. पोटरीत गोळा येत होता. "सोडा!" मग पुन्हा. आणि पुन्हा. पंधरा-वीस वेळा झालं असेल. मागून गॅरेजवाल्याचा त्रासलेला आवाज आला.

"साहेब, मधेच सोडलात का?"

"नाही हो, धरलाय!"

तोंडातून निघालं आणि तपासनीस चमकले. तोच शब्द, तोच सूर. सकाळपासून हे वाक्य त्यांनी दहा वेळा ऐकलं होतं आणि दहाही वेळा ते खोटं मानलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. सिस्टर तिथे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या हसल्या नाहीत, म्हणून तपासनिसांना जास्त लाज वाटली. त्यांना वाटलं, तिने हसावं, टोमणा मारावा, काहीतरी करावं.

"बरं बरं, एक हट्टी बुडबुडा होता. गेला," मागून आवाज आला.

चौथ्या चाकाला पेडल बोटभर जाऊन थांबलं. कालच्या टेबलावरच्या दांड्यासारखं, दगडावर टेकल्यासारखं. गॅरेजवाल्याने येऊन स्वतः दाबून बघितलं, गाडीखाली वाकून चारही निपल बघितले आणि हात पुसले. "एक फेरी मारायला पाहिजे. मोठा उतार बघून. तुम्ही चालवायची नाही ना?"

"नाही."

"मी बसते बरोबर," सिस्टर म्हणाल्या. त्या केव्हा बाहेर आल्या ते कळलंच नव्हतं.

"अगं, तू कशाला? आधी ते एकटे..."

"कोणीतरी पहिलं बसणारच ना? लेकीच्या आधी मी बसते." आणि त्या बसल्या. दार लावलं, काच खाली केली. तपासनिसांकडे बघितलं नाही.

गाडी गेली. तपासनीस फाटकाशी उभे राहिले. टेकडीपर्यंत जायला पाच मिनिटं, उतार दोन मिनिटं, परत यायला पाच. त्यांनी घड्याळ बघितलं. झाकण त्याने नीट लावलं का? विचार सवयीने आला, पण त्याच्या मागून दुसराच विचार आला आणि त्याने पहिल्याला ढकलून दिलं. लावलं नसेल तर तीही गाडीत आहे. सकाळी आपण तिचा पाय आरशात बघत होतो, आणि ती दुपारी आपण हात घातलेल्या गाडीत बसून उतारावर गेली. कुठे काय बघितलं तिने? एक निपल नाही, एक रेघ नाही. तपासनिसांचे डोळे भरून आले. डोळ्यांच्या औषधाची वेळ झाली असेल, असं त्यांनी बाकावरच्या एकाला विनाकारण सांगितलं.

चौदाव्या मिनिटाला गाडी वळली आणि फाटकाशी जागच्या जागी थांबली. सिस्टर उतरल्या. "उतारावर शाळेच्या फाटकापर्यंत तीनदा थांबवली," एवढंच म्हणाल्या. गॅरेजवाला चहाला थांबला. तपासनिसांनी साखरेची बरणी स्वतः आणली. त्याने दोन चमचे घेतले, आणि तपासनिसांनी रेघेकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण बोलले नाहीत.

पाचला लेक आली. कडेवर पोर, खांद्यावर दोन पिशव्या. पोर सरळ गाडीत चढली आणि मागच्या सीटवर उड्या मारायला लागली. लेकीने बापाकडून किल्ली घेतली आणि नेहमीसारखी उभी राहिली. तिला माहीत होतं, आता अर्धा तास यादी ऐकायची. टायरमधली हवा, पाण्याची पातळी, कोणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि का नाही.

"बाबा, ब्रेक झाला ना नीट? तो उतार..."

तपासनिसांनी तोंड उघडलं. मग ते बाजूला झाले.

"तुझ्या आईला विचार," ते म्हणाले. "ती सांगेल ते खरं."

लेकीने आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे. या घरात असलं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं. सिस्टर पिशव्या गाडीत ठेवत होत्या. त्यांचे हात क्षणभर थांबले.

"लागतात गं," त्या म्हणाल्या. "बिनधास्त जा."

गाडी निघाली. नात मागच्या काचेतून हात हलवत होती. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता लागतो, तिथे थांबून मग वळावं लागतं. दोघं फाटकाशी उभे राहून बघत होते. मागचे दोन लाल दिवे लागले. गाडी थांबली, एक टेंपो समोरून गेला, मग गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

तपासनीस हलले नाहीत. उजवा पाय पुढे टाकून, टाच जमिनीत रोवून, अंगातला सगळा जोर त्या पायावर देऊन ते उभे होते. गाडी गेली तरी तो पाय तसाच दाबलेला होता. सिस्टरांनी खाली बघितलं, मग त्यांच्या दंडाला हात लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "सोडा आता."